कलम एकेचाळीसचा च

१

गुरुवारी सकाळी दहाला मानक लोकांसाठी खुलं झालं, आणि साडेदहाला कळलं की त्यातला एक च नाहीसा झालाय.

फोन एका जलकेंद्रावरच्या अभियंत्याचा होता. "काय हो, कलम एकेचाळीस मऊ केलंत का? पंप विकणारा माझ्यासमोर बसून हसतोय. म्हणतो, आता सक्ती नाही, नुसता सल्ला आहे."

संचालकांनी पान उघडलं आणि मटकन बसले.

या कार्यालयाचं काम बाहेरच्याला कंटाळवाणं वाटेल. पाणी सोडणारी, दाबणारी, शुद्ध करणारी यंत्रं चोरट्या हातांपासून कशी जपायची, त्याचे नियम इथे लिहीत. दोन वर्षं समिती भांडली, लोकांच्या नऊशे हरकती आल्या, त्या एकेक करून मिटवल्या, आणि मग अंतिम मानक तयार झालं. त्यात क्रियापदं दोनच प्रकारची. 'करावे' म्हणजे सल्ला. जमलं तर करा. 'केलेच पाहिजे' म्हणजे सक्ती. न करून सुटका नाही. मधलं काही नाही. सगळा जोर त्या एका च वर. घराच्या दाराला कडी असते तसा तो वाक्याला.

आणि कलम एकेचाळीस सांगत होतं की यंत्राबरोबर कारखान्यातून येणारा परवलीचा शब्द बदललाच पाहिजे. तो सगळ्या जगाला ठाऊक असतो, आणि तो ज्याला ठाऊक तो घरबसल्या एका शहराचं पाणी तोडू शकतो. छापलेल्या मानकात मात्र आता नुसतं 'बदलावा' होतं.

पहिल्या पानावर संपादक म्हणून धाकटीचं नाव होतं. पानापानावर सहीही तिचीच.

संचालकांनी मुद्रितशोधक बाईंना बोलावलं. बावीस वर्षं त्यांनी या घरातला एकेक काना, एकेक मात्रा तपासली होती. पूर्वी त्यांना सगळे 'बाई' म्हणत. सहा वर्षांपूर्वी त्यांची सख्खी धाकटी जाऊ, म्हणजे हीच संपादक, इथे कामाला लागली, त्यांना 'जाऊबाई, जाऊबाई' करत फिरू लागली, आणि बघता बघता शिपायापासून संचालकांपर्यंत सगळ्यांच्या तोंडी तेच बसलं. थोरलीचं नावसुद्धा धाकटीने ठेवलेलं!

"जाऊबाई, तुम्ही छडा लावा," संचालक म्हणाले. "तीनला मला मंडळापुढे उत्तर द्यायचंय. तोवर दुसरं नाव मिळालं नाही तर संपादकाला घरी पाठवावं लागेल. कायमचं." मग जरा घुटमळून म्हणाले, "तुम्हालाच सांगतोय, कारण तुम्ही तिला पाठीशी घालणार नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे."

थोरलीने मान डोलावली. चेहऱ्यावरची रेघ हलू दिली नाही.

च गेल्याचं तिला मंगळवारीच कळलं होतं.

२

मत्सर काही एका दिवसात येत नाही. दुधावर साय धरावी तसा तो गुपचूप धरतो. वरून सगळं शांत, पांढरं.

थोरली घरात आली तेव्हा दीर शाळेत होता. त्याची पुस्तकं तिने बांधली, त्याचं लग्न तिने जमवलं, धाकटीला या कार्यालयातल्या जागेची बातमीही तिनेच आणून दिली. आणि धाकटी आली ती वाऱ्यासारखी. समितीत बोलायची, भांडायची, हसवायची. थोरली बावीस वर्षं दुसऱ्यांची वाक्यं सरळ करत बसली होती. धाकटी सहा वर्षांत स्वतःची वाक्यं लिहू लागली. घरीही तेच. सोमवारी सासूबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. धाकटी दुपारी तीनला सह्या संपवून रुग्णालयात गेली, रात्रभर बसली, मंगळवारी दुपारी आली. नातलगांचे फोन थोरलीला. "धाकटी होती म्हणून निभावलं हो!" थोरलीने घरातल्या सगळ्यांचे डबे केले होते. डब्यांबद्दल कोणी फोन करत नाही.

माझ्या ग मनामध्ये, कशाचा बाई काटा,
जाऊच्या पावलांना, फुटती माझ्या वाटा.

अशी ओळ मनात आली की थोरली ती गिळून टाकी.

शेवटच्या पानावर सक्तीच्या कलमांचा आकडा द्यायची या घराची रीत होती, आणि ते च थोरली बोटाने मोजी. सोमवारी सही केलेल्या कागदी प्रतीतून मोजले, एकशे अठरा भरले. मंगळवारी मांडणी झालेली पानं छापून आली. बारा वाजता मोजले. एकशे सतरा. पुन्हा मोजले. एकशे सतरा. पाव तासात कलम सापडलं. 'बदलावा'. तिने शेजारी पेन्सिलचा एक बारीक ठिपका दिला.

उठून सांगायला वीस पावलं चालावं लागलं असतं.

ती उठली नाही. होऊ दे, मनाने म्हटलं. सही तिची आहे ना, नाव तिचं आहे ना? एकदा तरी कोणी म्हणू दे, की थोरलीने पाहिलं असतं तर असं झालं नसतं. तिने शेवटच्या पानासाठी एकशे सतरा हा आकडा दिला. आकडा खरा दिला. गोष्ट सांगितली नाही. ते पान तिने घडी घालून पिशवीत टाकलं.

आता त्याच पिशवीचा बंद मुठीत धरून ती चौकशीला निघाली होती. आणि तिला पहिल्यांदाच वाटलं, की ज्याने च काढला त्यालाही हेच हवं होतं, जे मला हवं होतं. मग मी शोधतेय तरी कोणाला?

३

मांडणी करणाऱ्याला सगळे फूटपट्टी म्हणत. उंच, किडकिडीत, आणि ओळ एका केसाने वाकडी झाली तर जेवण न जाणारा.

"मला काय विचारता, जाऊबाई? खाई त्याला खवखवे. मी अक्षरं वाचत नाही, मी अक्षरं बसवतो. पाहुणे कोण आहेत ते बघायचं काम माझं नाही, खुर्च्या सरळ आहेत ना तेवढं बघतो."

"ओळ लांब होत असेल तर एखादं अक्षर काढत असाल."

"देवा! एवढी वर्षं काय ओळखलंत मला? समजा काढलाच असता, तर च काढला असता. 'बदलला पाहिजे' राहिलं असतं. इथे तर अख्खं क्रियापद बदललंय. 'बदलावा'. एवढं व्याकरण मला येत असतं तर मी तुमच्या खुर्चीत बसलो असतो."

हे खरं होतं. च पडलेला नव्हता. कोणीतरी या घरातली दोन रूपं नीट जाणून एक काढून दुसरं बसवलं होतं. चोर होता, पण नेटका होता.

"फाइल कधीपासून तुमच्याकडे?"

"सोमवारी चारपासून. पाचला पानं लावून घरी गेलो. मंगळवारी दाढ काढायला गेलो होतो, अकराला आलो. साडेअकराला तुम्हाला पानं छापून दिली."

"म्हणजे सोमवारी संध्याकाळपासून मंगळवारी अकरापर्यंत यंत्र एकटंच. पण त्याला परवलीचा शब्द असेल."

"आहे तर!" फूटपट्टीने छाती काढली.

"कोणता?"

तो कान खाजवू लागला. "यंत्राबरोबर आला तोच. एक ते आठ."

थोरली त्याच्याकडे बघत राहिली.

"असं बघू नका हो. आपण नियम दुसऱ्यांसाठी लिहितो."

"कोणाकोणाला ठाऊक आहे?"

"कोणाला नाही ते विचारा."

४

समितीचे सचिव आपल्या खोलीत पेन्सिलींना टोक काढत बसले होते. गृहस्थ मऊ, बोलणं तुपातलं. हे मानक मुळात त्यांनी लिहायला घेतलं होतं. वर्षभराने समितीने ते धाकटीकडे दिलं. तेव्हा सगळ्यांत मोठ्याने टाळ्या त्यांनी वाजवल्या होत्या.

"वाईट झालं, जाऊबाई. फार वाईट. पोरीने जिवाचं रान केलं होतं." त्यांनी उसासा टाकला. "पण खरं सांगू? घाई. सही करण्यापूर्वी माणसाने दोनदा वाचावं."

"सही केलेल्या कागदावर च आहे. नंतर गेलाय."

"मग तर सरळच आहे." त्यांनी एक कागद पुढे सरकवला. फाइल कोणी कधी उघडली त्याची ती नोंद होती. "मंगळवारी दुपारी तीन वाजता. दहा मिनिटं. नाव बघा."

नाव धाकटीचं होतं.

"बुधवारी फाइलला मोहोर बसली, त्यानंतर कोणाचा हात लागणं शक्य नाही. त्यापूर्वी शेवटचा हात तिचा. जलकेंद्रवाल्यांचा किंवा पंपवाल्यांचा दबाव आला असेल. मी कोणावर आरोप करत नाही हं. मी आपला रोज सहापूर्वी घरी जाणारा माणूस."

"मंगळवारी सकाळी मांडणीच्या यंत्रावरूनही उघडलेली दिसते. सव्वानऊला."

"फूटपट्टी असेल."

"त्याची दाढ काढत होते."

सचिवांची पेन्सिल मोडली. त्यांनी ती शांतपणे पुन्हा टोकदार केली. "असेल कोणी. पण सकाळी काही बदललं असतं, तर तुम्हाला दुपारी दिसलं असतंच की. तुमच्या नजरेतून सुटतं का काही? तुम्ही काही बोलला नाहीत, म्हणजे मंगळवारी दुपारपर्यंत कलम शाबूत होतं. तुमचं मौन हाच मोठा पुरावा आहे, जाऊबाई."

ते गोड हसले.

आपल्या न बोलण्याच्या दोरीने धाकटीचा गळा आवळला जात होता, आणि दोरीचं दुसरं टोक आपल्याच हातात होतं.

५

धाकटी जिन्याजवळच्या खोलीत बसली होती. टेबलावरचं सगळं तिने आधीच खोक्यात भरलं होतं.

"आलात? बसा. तुम्हीच विचारणार म्हणाले. बरं झालं. परक्याने विचारलं असतं तर मी दोन शिव्या दिल्या असत्या."

"अगं, मंगळवारी तीनला फाइल कशाला उघडलीस?"

"बघायला."

"काय बघायला?"

"काही नाही."

"दहा मिनिटं काही नाही बघत होतीस? हे उत्तर संचालकांना सांगशील?"

धाकटी खिडकीकडे वळली. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. "हसाल."

"हसायची वेळ आहे का ही?"

"पहिलं पान बघत होते." ती पुटपुटली. "माझं नाव. रात्रभर सासूबाईंच्या उशाशी बसले होते, डोळे चुरचुरत होते, आणि मनात एकच, की आता पानं लागली असतील, नाव कसं दिसत असेल? आले आणि बघत बसले. मोठं केलं, लहान केलं. दहा मिनिटं. पुढची पानं उलटलीसुद्धा नाहीत. उलटली असती तर..." तिने ओठ चावला. "हे मी त्या माणसांसमोर सांगायचं? त्यापेक्षा चोर म्हणू देत."

थोरलीला हसू आलं नाही. तिला ती दहा मिनिटं ओळखीची वाटली. तिने स्वतः ती कधी बसून काढली नव्हती, पण बावीस वर्षं त्यांचीच वाट पाहिली होती.

"तुमच्या कधी मनात नाही येत असलं," धाकटी म्हणाली. "तुम्हाला नावाचं काही नसतं. मला हेवा वाटतो तुमचा, खरंच."

हेवा! थोरली झटकन उठली आणि थेट आपल्या जागेवर आली. पिशवीतून घडीचं पान काढून समोर पसरलं.

मंगळवारी तिने या वाक्यातलं एकच अक्षर पाहिलं होतं, जे नव्हतं ते. जे होतं त्याच्याकडे डोळा गेलाच नव्हता. आता तिने ते नव्या मुद्रितासारखं, शब्दाशब्दावर बोट ठेवून वाचलं.

"कारखान्यातून आलेला परवलीचा शब्द पहिल्या वापरापूर्वी बदलावा."

बोट थांबलं. तिने कपाट उघडलं, वर्षभरापूर्वीचा जुना मसुदा काढला, कलम एकेचाळीस शोधलं. आणि तिला चोर सापडला.

पण त्याला धरायचं तर हे पान सगळ्यांपुढे ठेवावं लागणार होतं. पानाच्या तळाशी छापण्याची वेळ होती, मंगळवार, साडेअकरा. आणि वाक्याशेजारी तिचा पेन्सिलचा ठिपका.

६

तीनला दहा मिनिटं कमी असताना संचालकांच्या खोलीत चौघं जमली. फूटपट्टी दारात उभा राहिला. त्याला कोणी बोलावलं नव्हतं आणि जा असंही कोणी म्हटलं नाही.

"एक विचारते," थोरली म्हणाली. "कलम एकेचाळीस मुळात कसं होतं, सचिवसाहेब? तोंडपाठ असेल."

"अर्थात." सचिवांनी घसा साफ केला. "कारखान्यातून आलेला परवलीचा शब्द पहिल्या वापरापूर्वी बदललाच पाहिजे."

"तू सांग गं."

"पहिल्या वापराआधी बदललाच पाहिजे," धाकटी म्हणाली.

संचालकांनी सहीची प्रत बघितली. "वापराआधी."

"या मानकात 'पूर्वी' हा शब्द औषधाला नाही," थोरली म्हणाली. "गेल्या वर्षी आम्ही ठरवून सगळीकडे 'आधी' केलं, पंपावरच्या माणसाला सरळ कळावं म्हणून. छापलेल्या मानकात मात्र एकाच जागी 'पूर्वी' आलंय. ज्याने च काढला त्याने अक्षर काढलं नाही. अख्खं वाक्य काढून दुसरं ठेवलं. ते वाक्य इथे आहे." तिने जुना मसुदा उघडला. "जसंच्या तसं. हा मसुदा सचिवसाहेबांचा. बोलतानाही ते कधी 'आधी' म्हणत नाहीत. सही करण्यापूर्वी, सहापूर्वी. जिभेचं वळण काही मोहोर लावून बंद करता येत नाही."

सचिवांनी मसुदा एका बोटाने दूर सारला.

"वा," सचिव म्हणाले. "एक शब्द चुकला म्हणून मी चोर? मसुदा कपाटात होता, कोणीही उतरवून घेईल. तीन वाजता फाइल तिने उघडली, मी नाही. की मी सकाळी बदललं आणि सबंध दिवस कोणालाच दिसलं नाही? तुम्हालाही नाही?"

हीच जागा होती. थोरलीने धाकटीकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर हात पुढे झाला नसता.

तिने घडीचं पान टेबलावर ठेवलं आणि तळव्याने सपाट केलं.

"मला दिसलं होतं. हे पान मंगळवारी साडेअकराला छापलंय, खाली वेळ आहे. यात 'बदलावा' आहे. म्हणजे कलम त्याआधीच बदललेलं होतं, आणि तोवर ही रुग्णालयात होती. सासूबाई, डॉक्टर, नर्स, सगळे सांगतील. हा ठिपका माझा. बाराला मोजले तेव्हा एक च कमी भरला, शोधला, सापडला, आणि मी गप्प बसले."

"का?" संचालकांनी विचारलं.

"पहिल्या पानावर हिचं नाव होतं म्हणून."

मग सचिवच खाली बसले, हवा गेलेल्या उशीसारखे.

"ते वाक्य माझं होतं हो," ते म्हणाले, आणि त्यांच्या आवाजातलं तूप संपलं होतं. "सगळं मानक नवं लिहिलं हिने. माझी ओळसुद्धा राहिली नाही. त्या एकेचाळीसवर तर भर सभेत माझं हसू झालं. 'सल्ला देताय की विनवणी करताय?' म्हणाली. अख्खी समिती हसली. मंगळवारी सकाळी नुसतं बघायला गेलो होतो. वाटलं, एकशे वीस पानांत एक माझी ओळ राहू दे. कोणाला कळणार आहे?"

"आणि तीन वाजताचा कागद पुढे करताना?" थोरलीने विचारलं. "तेव्हाही ओळच हवी होती?"

सचिवांनी मान खाली घातली. तिला उत्तर लागलंही नाही. तो जिना ती त्यांच्याबरोबर पायरी पायरी उतरली होती. ते चार पायऱ्या जास्त उतरले, एवढंच.

७

सचिवांना घरी पाठवलं. थोरलीला संचालक म्हणाले, "तुमचं उद्या बघू," आणि डोळे वर केले नाहीत. पण शुद्धिपत्र आजच, पाचच्या आत निघायला हवं होतं. जलकेंद्रवाल्याचे तीन फोन येऊन गेले होते. आणि रीत अशी, की लोकांसमोर जाणारा प्रत्येक कागद शेवटी दोघांनी मिळून वाचायचा. एकाने मोठ्याने, दुसऱ्याने मूळ प्रतीवर बोट ठेवून. वाचणाऱ्या आता दोघीच उरल्या होत्या.

फूटपट्टी डोकावला. "परवलीचा शब्द बदलला मी. आता मलाच आठवत नाहीये." कोणी हसलं नाही तसा तो मुकाट्याने गेला.

दोघी समोरासमोर बसल्या. धाकटीने मूळ प्रत ओढून घेतली. इतक्या वेळात ती थोरलीशी एक अक्षर बोलली नव्हती.

"तयार आहात ना तुम्ही?" थोरलीने विचारलं.

धाकटीने प्रतीची कडा टेबलाच्या कडेशी जुळवली.

"तुम्हाला नको असेल तर मी संचालकांना सांगते, दुसरं कोणी..."

"हे काय लावलंय?" धाकटी एकदम म्हणाली. "तुम्ही, तुम्हाला? लग्न होऊन आले त्या दिवसापासून मला अगं-तुगं करताय. आज अहो-जाहो?"

कोणत्या तोंडाने तू म्हणायचं, ते थोरलीला कळत नव्हतं.

"असं परक्यासारखं बोललात तर मला रडू येईल," धाकटी म्हणाली, "आणि मला रडायचं नाहीये. मला चिडायचंय. दोन दिवस तुम्ही माझ्यासमोर बसून चहा प्यालात, जाऊबाई. काल मला विचारलंत, झोप झाली का म्हणून. मला पुष्कळ चिडायचंय, आणि परक्या माणसावर तेवढं चिडता येत नाही."

थोरलीने कागद उचलला. अक्षरं पाण्यातून दिसावीत तशी दिसत होती. तिने चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला.

"चीड तू," ती म्हणाली. "मी वाचते."

धाकटीने पहिल्या शब्दावर बोट ठेवलं.